समोरचं वजन

लिफ्टचा बझर वाजला तेव्हा आम्ही दोघांनीही आधी संशय घेतला तो मशीनवर. माणसावर संशय घ्यायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. नवी लिफ्ट लोकांसाठी खुली करण्याआधी तिच्यात लोखंडी वजनं रचतात, पूर्ण भाराने ती वरखाली फिरवून बघतात, आणि वजनं कमी पडली की मला आत उभं करतात. हे कुणी सुरू केलं आता आठवत नाही. नोकरीला लागलो तेव्हा गंमत म्हणून मला गोदामातल्या काट्यावर चढवलं होतं, तो आकडा तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे. 'इतकी वजनं, अधिक तू' असा हिशोब माझा जोडीदार बोटांवर करतो. त्याला सगळे तार म्हणतात, कारण तो तसाच आहे. तर त्या सकाळी तार म्हणाला, "ये रे, राहा उभा," मी आत पाय टाकला आणि बझर वाजला. बाहेर आलो की थांबायचा, आत गेलो की सुरू. तारने वैतागून पेचकस काढला आणि भार मोजणाऱ्या सेन्सरचं सेटिंग ढिलं करायला घेतलं. मी वजनांच्या शेजारी उभा. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, करू दे ढिलं, कुणाला कळणार आहे? पण मग ती लिफ्ट जन्मभर माझ्याएवढं खोटं घेऊन चालली असती आणि तिच्यात लहान मुलं चढली असती. मी म्हणालो, "राहू दे. मशीन बरोबर आहे. मी वाढलोय." तारने हसायला हवं होतं. याहून फालतू गोष्टींवर तो पोट धरून हसलाय. पण तो हसला नाही. "बाहेर ये," म्हणाला, हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसा. मी बाहेर आलो.

इमारत खेळाची होती. लिफ्टसमोर एक उंचच उंच हॉल, आणि त्याची एक अख्खी भिंत रंगीत खुंट्यांनी भरलेली. त्यांना धरून माणसं वर चढत होती. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर छताजवळच्या कडीतून फिरून खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या कमरेला. मी कानात बझर घेऊन तसाच बघत राहिलो. एक मुलगी वरून मागे कलली, दोन्ही हात तिने चक्क सोडून दिले, आणि ती हवेत बसून हसत हसत खाली आली. दोराने बांधलेली पेटी वर जाते आणि खाली येते हे बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पेटीत माणसं असतात हे मला माहीत आहे. पण माणूसच पेटी झालेला मी पहिल्यांदा बघत होतो. आणि मला ते हवं झालं. लगेच दुसरा विचार आला, माझ्या डोक्यात तो आपोआपच येतो, दार लावलं की दिवा विझावा तसा: आधी जरा वजन उतरवू, मग बघू. हे वाक्य मी ओळखलं. ते माझं नव्हतंच मुळी. ते दादाचं होतं.

दादा माझ्यापेक्षा मोठा आणि माझ्यापेक्षा जाडा. आमच्या घरात सगळेच भरलेले. खुर्ची करकरली की कुणाच्या नावाने करकरली यावर आम्ही भांडायचो. दादाला बॅडमिंटन खेळायचं होतं. त्याने रॅकेट आणली होती, चांगली, हलकी. तो ती हातात घेऊन आरशासमोर उभा राहायचा, मनगट फिरवायचा, पुन्हा कव्हरात घालून कपाटावर ठेवायचा. "थोडं उतरलं ना, की जातो बघ कोर्टवर. आत्ता गेलो तर लोक म्हणतील भूकंप आला." आम्ही हसायचो. वहिनीही हसायच्या. त्याला प्रेमाने म्हणायच्या, "अहो, मग उतरवा ना जरा." सगळं त्या 'मग'वर चाललं होतं. मग कोर्ट, मग समुद्रात पोहणं, मग दोघांचा चांगला फोटो. माझ्या लग्नाचंही तेच. आई जाईपर्यंत म्हणत होती की जरा उतरव, मग बघू. दादा आणि मी, आम्ही दोघं आयुष्याच्या दाराबाहेर चपला काढून उभे होतो, आत बोलावण्याची वाट बघत. आणि मग एका वर्षी दादा उतरायला लागला.

हे मला कुणाशी बोलता येत नाही म्हणून मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बोलतो. दादा उतरायला लागला आणि आम्हाला आनंद झाला. त्याने काहीच वेगळं केलं नव्हतं, फक्त भूक कमी झाली होती, आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो. "आज एकदाच घेतलंस? वा!" असं मी म्हणालो आहे. माझ्याच तोंडाने. ऑफिसात लोक त्याला थांबवून विचारायचे, काय करतोस रे, आम्हालाही सांग. तो लाजायचा. वहिनी कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात काम करतात; लोकांच्या पॅंटी आत-बाहेर करणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी दादाच्या सगळ्या पॅंटी घरी मशीनवर बसून आत घेतल्या. गुणगुणत घेतल्या. काही आठवड्यांनी पुन्हा आत घ्याव्या लागल्या, तेव्हाही त्या गुणगुणत होत्या. तिसऱ्यांदा पॅंट उलटी करून मशीनखाली सरकवली आणि त्यांचं गुणगुणणं थांबलं. मी बाहेरच्या खोलीत होतो. मशीनचाही आवाज नाही, त्यांचाही नाही. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो, आणि डॉक्टर म्हणाले की इतके दिवस काय करत होतात? आम्ही काय सांगणार होतो? आम्ही खूश होतो, असं सांगायचं? शेवटी शेवटी दादा खाटेवर एवढासा दिसायचा. एकदा माझा हात धरून म्हणाला, "आता कोर्टवर जायला हरकत नाही, काय?" आणि मी हसलो. त्याच्यासाठी हसलो, पण हसलो.

आता घरात आम्ही दोघंच, वहिनी आणि मी. त्या आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणून झालं. आम्ही एकमेकांशी पाण्याच्या बाटल्या, किल्ल्या, कपडे वाळत घालणं एवढ्याच विषयांवर बोलतो. दादाचा विषय निघाला तर पॅंटींपर्यंत जाईल, म्हणून तो निघतच नाही. गंमत म्हणजे मी मध्यंतरी खरंच खाणं कमी केलं होतं. डॉक्टर ओरडले होते. रक्तातला एक आकडा आणि दुसरा आकडा दाखवून म्हणाले होते की भावाचा आजार वेगळा, तुमचा वेगळा, पण वाट बघत बसलात तर हाही सोडणार नाही. कसाबसा उतरत होतो. एके दिवशी कामावर निघताना पट्टा एक भोक आत लावला. वहिनी समोरच होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी आलो तर ताट वाढून, समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि मी जेवेपर्यंत हलल्या नाहीत. रोज तसंच. मी जेवत गेलो. पट्टा परत बाहेर आला, त्याच्याही बाहेर आला, आणि एके दिवशी बझर वाजला. उतरलो तर घरात माणूस भीतीने मरतंय, नाही उतरलो तर मी. यात वाट बघायला जागाच कुठे आहे? त्या हॉलमध्ये उभं असताना हे मला एकदम लख्ख दिसलं. मी कधीच बारीक होणार नाही. झालोच तर दादासारखा होईन. म्हणजे जे काही करायचं ते याच अंगाने करायचं आहे, नाहीतर करायचंच नाही.

शिकवणारी बाई आखूड केसांची, भराभर बोलणारी. मी जवळ जाऊन काय विचारलं ते मला नीट आठवत नाही, बहुधा दोराबद्दलच विचारलं असणार, कारण ती म्हणाली, "काका, या दोराने गाडी उचलता येते. तुमचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, "पण माझं वजन..." ती म्हणाली, "दिसतंय. मोठा पट्टा आहे आमच्याकडे." इतकंच. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. माझ्या आयुष्यात या जागी नेहमी एक पुढचं वाक्य असतं. ते आलं नाही. त्याऐवजी म्हणाली, "दोर धरायला मात्र कुणीतरी घेऊन या. तुमच्या भरवशाचं. त्यांना आधी धरायचं शिकवीन, मग तुम्ही चढा." हे ऐकून मी जास्तच घाबरलो. मी तारला विचारलं. तो म्हणाला, "मी धरीन रे, पण मग मला छतावरनं उतरवणार कोण?" आता तो हसला, मीही हसलो, आणि दोघांनाही कळलं की हा नकार आहे. मग मी मनात एकेक माणूस आठवून बघितला. मित्र, चुलत भाऊ, खालच्या मजल्यावरचे. ज्याच्या हातात आपला जीव द्यावा असा एक माणूस. मला एकच सापडला, आणि त्या माणसाला विचारायची माझी हिंमत नव्हती.

तरी विचारलं. जेवता जेवता, ताटाकडे बघत. म्हटलं, असा असा खेळ आहे, मला शिकायचाय, पण दोर धरायला कुणीतरी लागतं. वहिनी ऐकत होत्या. वाढायचा चमचा हातात तसाच. "भिंत चढायची?" म्हणाल्या. "तुम्ही?" मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली, साधी बायकी काळजी, आणि त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, पण आधी जरा..." तिथेच थांबल्या. मी वर बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि पुढचे शब्द त्यांना स्वतःलाच ऐकू आले असावेत. चमचा त्यांनी भांड्यात ठेवला, भांड्यावर झाकण ठेवलं, झाकण सरळ केलं. मला वाटलं आता उठून आत जातील आणि दार लावून घेतील, आणि उद्यापासून किल्ल्यांबद्दलही बोलणार नाहीत. मला स्वतःचा भयंकर राग आला. कशाला ही थेरं? कुणी सांगितली होती? "कधी जायचं?" वहिनी म्हणाल्या.

पट्टा बांधून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठा पट्टा म्हणजे खरंच मोठा होता, तरी पोटाखालून ओढून घ्यावा लागला, आणि मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांनी माझे असे भाग केले की आरशात बघायची सोय राहिली नाही. वहिनी भाडोत्री बूट घालून, ओढणी कमरेला खोचून उभ्या होत्या आणि बाई शिकवेल ते इतक्या मन लावून शिकत होत्या की माझी मला लाज वाटली. दोर असा घ्यायचा, असा ओढायचा, तो माणूस पडला की ही कळ आपोआप दोर आवळते, खाली आणायचं असेल तेव्हा हळूहळू ओढायची. बाईने त्यांची दोनदा परीक्षा घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई फारच हलक्या आहेत तुमच्यापुढे. कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या आहेत, त्यांच्या पट्ट्याला अडकवा. किती ते बघा तुम्हीच, लिफ्टवाल्याला मी काय सांगू?" आणि ती दुसरीकडे ओरडत गेली. मी पिशव्या आणल्या, हिशोब केला, अडकवल्या. माझे हात सवयीने चालले. डोकं भिंतीवर होतं.

पहिल्या खुंटीवर पाय ठेवला आणि वर उचललं गेलं ते सगळंच्या सगळं. मला माझं अंग असं कधी जाणवलं नव्हतं. एरवी मी त्याला मागे ओढत चालतो, ते माझ्या मागून येतं, त्याच्याबद्दल बोलतात ते दुसरेच कुणीतरी. इथे ते माझ्या बोटांना लोंबत होतं आणि बोटं माझी होती. दुसरी खुंटी, तिसरी. मागे कुणीतरी हसलं, माझ्यावर की आणखी कशावर ते कळलं नाही. घाम डोळ्यांत गेला. भिंतीला पोट लागत होतं म्हणून तोंड लांब राहत होतं, तोंड लांब म्हणून पाय दिसत नव्हते, मी आंधळ्यासारखा पायाने खुंटी चाचपत होतो. पण चढत होतो. दाराच्या उंचीच्या वर गेलो, मग त्याच्याही खूप वर, आणि मग हात संपले. बोटं थरथरायला लागली, पिंढरी आपोआप उडायला लागली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. खाली बघितलं तर वहिनी एवढ्याशा, मान वर करून. "सोडा भाऊजी," त्या म्हणाल्या. दोर तुटणार नाही हे मला माहीत होतं. दोर किती ओढला की तुटतो हे मी लोकांना शिकवतो. ते माहीत असल्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मी भिंतीला गाल लावून लटकत होतो आणि मला दादा दिसत होता, चादरीखाली नसल्यासारखा. रडायला लागलो. हात सुटतच नव्हते. सोडलं की मी जाणार, माझ्याबरोबर त्या जाणार, सगळ्यांना कळणार की हा पेलण्यासारखा माणूसच नाही. मी ओरडलो, "वहिनी, मी नाही पेलवणार तुम्हाला! मी जड आहे!" हॉलमध्ये ते घुमलं. खालून आवाज आला, बारीक, चिडलेला, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "माहितीये मला जड आहात! सोडा म्हणते ना! यांनीही असंच केलं, शेवटपर्यंत काही सोडलं नाही अन् काही धरलं नाही! सोडा!"

मी सोडलं. हवेत गेलो, दोर ताणला, पट्टा मांड्यांत रुतला, आणि मग मी खाली जायला लागलो. सावकाश, पण थांबेना. आणि खालून वहिनी वर यायला लागल्या. मध्यावर आम्ही समोरासमोर आलो. मी खाली निघालेलो, त्या वर निघालेल्या, कमरेला वाळूच्या पिशव्या लोंबतायत, ओढणी सुटलेली. दोघांनाही काय करावं कळेना. पाहुण्यांकडे जिन्यात भेट व्हावी तसे आम्ही एकमेकांकडे बघत एकमेकांना ओलांडून गेलो. मी गादीवर जाऊन बसलो आणि त्या वर, मी होतो त्याच्या आसपास, लोंबकळत राहिल्या. तेव्हा मला माझी चूक कळली. लिफ्टच्या मागे दोराला जे वजन बांधलेलं असतं, त्यात माणसांचा पूर्ण भार आम्ही कधीच धरत नाही, निम्मा धरतो. कारण लिफ्ट कधी भरून येते, कधी रिकामी. मीही सवयीने माझा निम्माच भार धरला होता. पण माणूस कधी रिकामा येत नाही.

"उठू नका काका! बसून राहा!" बाई ओरडत धावत आली. मी कुठला उठतोय. दोर माझ्या कमरेपासून थेट वर ताठ गेला होता आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला वहिनी होत्या. वर बघितलं तर त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं घाबरल्या. पण त्या रडत होत्या, मोठ्याने, तोंड उघडून. दादा गेला तेव्हा त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा घरात पाहुणे होते, चहा करायचा होता. "ताई, ती कळ हळू ओढा, उतराल खाली," बाई म्हणाली. "थांबा जरा," वरून वहिनी म्हणाल्या. "थोडा वेळ राहू द्या मला इथे. भाऊजी, बसलायत ना?" मी म्हणालो, "बसलोय." सगळा हॉल बघत होता. मी सगळ्या अंगानिशी बसून राहिलो, आणि वहिनींचं रडून होईपर्यंत हललो नाही.

मग त्या कळ ओढत ओढत उतरल्या, पाय टेकले, गादीवर माझ्याशेजारी धपकन बसल्या. बाई पिशव्या तपासत होती. तिने माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, मान हलवली. मी ते वाक्य ऐकायला तयार झालो. मान खाली घालून ते ऐकायची मला सवय आहे. "काका," ती म्हणाली, "वाळू कमी पडली." मी तिच्याकडे बघत राहिलो. वहिनींनी नाक पुसलं, ओढणी पुन्हा कमरेला खोचली, कोपऱ्यात गेल्या आणि आणखी एक पिशवी दोन्ही हातांनी ओढत आणायला लागल्या.